महिनाभर उभी राहिली की हायब्रीड गाडी डेड: कारण, उपाय आणि गाडीतच दडलेल्या सोयी

भारतात महिनाभर राहून परत यायचं, विमानतळाच्या पार्किंगमध्ये बॅगा ओढत गाडीपाशी जायचं, हँडलला हात लावायचा आणि गाडीने ओळखच दाखवायची नाही. किल्ली खिशात, दार बंद, आणि बाहेर न्यू जर्सीची जानेवारीतली थंडी. कुणीतरी जंप देतं, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून वीज पुरवतं, गाडी सुरू होते, आठ-पंधरा दिवस नीट चालते आणि एका सकाळी पुन्हा तेच. टोयोटाची प्रियस किंवा तिच्यासारखी हायब्रीड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, वापरणाऱ्या मराठी मंडळींचे दर हिवाळ्यात मला जे फोन येतात, त्यांत ही तक्रार सगळ्यात वर असते. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. उदाहरणं मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या प्रियसची आहेत, म्हणजे अमेरिकेत २००४ ते २०१५ या मॉडेल वर्षांत विकल्या गेलेल्या गाड्यांची. आपल्या लोकांकडे सेकंडहँड म्हणून याच जास्त आहेत, आणि मला त्याच आतून-बाहेरून माहीत आहेत.

लक्षणं थोडीफार बदलतात. कधी दारच उघडत नाही. कधी दार उघडतं, पण पॉवर बटण दाबल्यावर डॅशबोर्डचे दिवे लुकलुकतात आणि विझतात. सगळ्यात घाबरवणारा प्रकार म्हणजे एकदम डझनभर इशारे पेटतात: ब्रेकचा दिवा, लाल त्रिकोण, हायब्रीड सिस्टिममध्ये बिघाड असल्याचा संदेश. माणूस धरूनच चालतो की गाडी चालवणारी मोठी बॅटरी गेली, आता काही हजार डॉलरला खड्डा. थांबा. गाडी उभी राहिल्यानंतर हे झालं असेल तर आधी छोटी, १२ व्होल्टची बॅटरी तपासा. व्होल्टेज कमी पडलं की गाडीतले कॉम्प्युटर अर्धवट जागे होतात आणि भलत्याच तक्रारी करायला लागतात. छोटी बॅटरी नीट चार्ज केल्यावर हे बहुतेक इशारे आपोआप जातात. ती तपासायच्या आधी कुणी मोठ्या बॅटरीचं कोटेशन हातात ठेवलं, तर नम्रपणे गाडी परत घेऊन या.

छोटी बॅटरी करते काय

या गाड्यांत दोन बॅटऱ्या असतात. मोठी २०१.६ व्होल्टची, मागच्या सीटच्या पाठीमागे. छोटी नेहमीची १२ व्होल्टची, डिकीत उजव्या कोपऱ्यात झाकणाखाली. साध्या गाडीत १२ व्होल्टच्या बॅटरीला स्टार्टर फिरवायचा असतो. इथे स्टार्टरही नाही आणि आल्टरनेटरही नाही. इंजिन फिरवून सुरू करायचं काम ट्रान्समिशनमधली मोटर मोठ्या बॅटरीच्या जोरावर करते. छोटीचं काम एवढंच: कॉम्प्युटर जागे करायचे आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, लावायचे. गोदाम धान्याने भरलेलं आहे, पण कुलपाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो राखणदारच झोपला, असा हा मामला.

गाडी ‘रेडी’त आली की इन्व्हर्टरमधला (मोठ्या बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणाऱ्या भागातला) कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून छोटीला चार्ज करतो. ‘रेडी’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्याभोवती फिरतं. ब्रेकवर पाय ठेवून पॉवर बटण दाबलं की डॅशबोर्डवर रेडीचा दिवा लागतो. इंजिनचा आवाज येईलच असं नाही. ब्रेक न दाबता बटण दाबलं तर पहिल्या वेळी अॅक्सेसरी आणि दुसऱ्या वेळी ऑन. या दोन्ही अवस्थांत गाणी वाजतात, काचा खाली-वर होतात, पण छोटी बॅटरी चार्ज होत नाही, नुसती खर्च होते. घरातली मोठी माणसं गाडीत बसून कुणाची वाट बघत असतात, इंजिनचा आवाज नाही म्हणून त्यांना वाटतं गाडी बंदच आहे, आणि रेडिओ ऐकण्यासाठी ती बटण दाबतात. तिसऱ्या पिढीत गिअर पार्कमध्ये असेल तर अॅक्सेसरी साधारण २० मिनिटांनी आपोआप बंद होते. ऑनच्या बाबतीत जुन्या गाड्यांवर तसा भरवसा ठेवू नका. वाट बघत बसायचंच असेल तर रेडीत बसा, एसी लावा. इंजिन मधूनमधून स्वतः सुरू होईल आणि बंद होईल. ते तसंच व्हायला हवं.

आत्ता गाडी डेड आहे, तर

किल्लीच्या ठोकळ्याच्या कडेला छोटा खटका असतो. तो सरकवला की आतून धातूची साधी किल्ली बाहेर येते. वर्षानुवर्षं गाडी वापरणाऱ्या कितीतरी जणांना ही माहीत नसते, कारण तिची कधी गरजच पडलेली नसते. ती फक्त ड्रायव्हरच्या दाराला चालते. दार उघडलं की बॉनेटचा खटका ओढा. तो केबलवर चालतो, त्याला वीज लागत नाही.

आता डिकीकडे धावू नका. छोटी बॅटरी तिथे आहे हे खरं, पण डिकीचं कुलूप विजेवर चालतं आणि वीज तर नाहीच. त्यासाठीच बॉनेटखाली सोय करून ठेवलेली आहे. फ्यूज बॉक्सचं काळं झाकण उघडा. आत लाल प्लॅस्टिकची टोपी दिसेल. ती उचलली की खाली धातूचा एक टर्मिनल आहे. तो थेट डिकीतल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हशी जोडलेला असतो. लाल केबल तिथे लावा. काळी केबल इंजिनच्या बाजूच्या, रंग नसलेल्या धातूच्या भक्कम बोल्टला लावा. क्रम असा: आधी दोन्हीकडची लाल टोकं, मग मदत करणाऱ्या गाडीच्या निगेटिव्हला काळं टोक, आणि सगळ्यात शेवटी आपल्या गाडीच्या बोल्टला. काढताना बरोबर उलटं. इथे घाई करू नका. पोलॅरिटी उलटी झाली तर फ्यूज उडण्यावर भागेलच असं नाही, इन्व्हर्टरपर्यंत नुकसान पोहोचू शकतं. पार्किंगमध्ये अंधार असेल तर फोनचा टॉर्च लावून प्लस-मायनसची खूण डोळ्यांनी बघा आणि मगच चिमटा टेकवा.

दोन-चार मिनिटं थांबून ब्रेक दाबा आणि पॉवर बटण दाबा. रेडीचा दिवा लागला की झालं. स्टार्टर फिरवायचा नसल्यामुळे फार करंट लागत नाही, खिशात मावणारा जंप पॅकही पुरतो. तो पॅक मात्र डिकीत ठेवू नका. डिकी उघडत नाही म्हणूनच तर तो हवा असतो! ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा, आणि लांबच्या प्रवासाला निघण्याआधी तो चार्ज आहे ना ते बघा.

हा टर्मिनल मदत घेण्यासाठी आहे, देण्यासाठी नाही. शेजाऱ्याच्या साध्या गाडीला प्रियसवरून जंप देऊ नका. त्याचा स्टार्टर जेवढा करंट ओढतो, तेवढ्यासाठी ही व्यवस्था केलेली नाही, आणि गाडीच्या पुस्तिकेतही तसं स्पष्ट बजावलेलं आहे.

डिकीच उघडायची असेल, म्हणजे बॅटरी बदलायची आहे आणि जंप पॅकही जवळ नाही, तर त्यालाही वाट आहे. आतून मागची सीट पाडून डिकीत शिरा. मागच्या दाराच्या आतल्या पत्र्यावर, खालच्या बाजूला एक छोटं झाकण असतं. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला फडकं गुंडाळून ते अलगद उचकटा. आत एक बारीक लिव्हर आहे, तो सरकवला की दार सुटतं. थंडीत जाड जॅकेट घालून हा उद्योग करणं फार जिकिरीचं असतं, म्हणून एकदा उन्हाळ्यात, घरासमोर निवांत असताना करून बघा. लिव्हर कुठे आहे आणि कोणत्या बाजूला सरकतो हे बोटांना माहीत झालं की काम सोपं.

आणखी एक. या गाड्यांत पार्कचा लॉकही विजेवर चालतो. बॅटरी डेड झाली की गाडी न्यूट्रलला येत नाही आणि ढकलून बाहेरही काढता येत नाही. म्हणून विमानतळावर गाडी उलटी लावा, बॉनेट वाटेकडे. भिंतीकडे तोंड करून लावली आणि दोन्ही बाजूंना गाड्या असल्या, तर जंप द्यायला येणाऱ्या माणसाची केबल पोहोचत नाही.

पुन्हा पुन्हा का होतं

इथे थोडा हिशेब करू. छोट्या बॅटरीची क्षमता साधारण ४५ अँपिअर-तास धरा. गाडी बंद असली तरी अलार्म, किल्लीचा शोध घेणारा रिसीव्हर, घड्याळ आणि कॉम्प्युटरची स्मृती मिळून थोडा करंट जात राहतो. तो ३० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास खर्च होतात आणि ३० दिवसांत साडेएकवीसच्या वर. म्हणजे नवी, पूर्ण भरलेली बॅटरीही महिन्याभरात अर्धी होते. तुमची बॅटरी पाच वर्षांची आहे, तिची निम्मी ताकद वयानेच गेलेली आहे, आणि त्यात बाहेर शून्याखाली तापमान. मग ती महिनाभर तग कशी धरणार?

खरं नुकसान होतं ते त्यानंतर. पूर्ण उतरलेली बॅटरी जंप देऊन चालू केली आणि घरी येताना वीस मिनिटं चालवली, तर ती भरत नाही. कन्व्हर्टर चार्ज करतो, पण या बॅटऱ्या एजीएम जातीच्या (आतलं आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून ठेवणाऱ्या) असतात आणि तळापासून भरायला त्यांना कित्येक तास लागतात. ऑफिस दहा मिनिटांवर आणि किराणा पाच मिनिटांवर असेल, तर बॅटरी कायम अर्धपोटी राहते. अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि तिची क्षमता आणखी घटते. मग पुढच्या वेळी महिना नाही, आठवडाही पुरतो. ‘जंप दिला की चालते, म्हणजे बॅटरी ठीक आहे’ हा समज इथे मोडतो. जंप म्हणजे फक्त दार उघडलं. भरणं अजून बाकी आहे.

म्हणून एकदा पूर्ण डेड झाली की घरच्या प्लगवर चालणाऱ्या, एजीएमची सोय असलेल्या, कमी करंटच्या चार्जरवर ती रात्रभर लावा. चार्जर डिकीत थेट बॅटरीच्या टर्मिनलांवर जोडायचा, बॉनेटखालच्या लाल टोपीच्या जागी नाही. ती जागा फक्त अडीअडचणीतल्या जंपसाठी आहे.

गाडीलाच विचारा

दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये एक लपलेला पडदा आहे आणि मला तो या गाडीतली सगळ्यात उपयोगी गुप्त गोष्ट वाटतो. बरेच जण या पडद्याच्या शोधात रिव्हर्सचा बीप बंद करायचा मार्ग विचारतात. त्यापेक्षा कितीतरी कामाची गोष्ट तिथे आहे: छोट्या बॅटरीचं व्होल्टेज.

कृती अशी. गाडी अॅक्सेसरी किंवा ऑनमध्ये घ्या. स्क्रीनच्या बाजूचं ‘इन्फो’ बटण दाबून धरा. ते दाबलेलं असतानाच डाव्या दांडीवरून पार्किंग लाइट लावा-बंद करा, असं तीन वेळा. स्क्रीनवर सर्व्हिसचा मेनू येतो. त्यात ‘मेनू’, मग ‘डिस्प्ले चेक’, मग ‘व्हेइकल सिग्नल चेक’. तिथे ‘बॅटरी’समोर आकडा दिसतो. बाकीच्या बटणांना हात न लावता पॉवर बंद करून बाहेर या.

गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी सगळ्यात आधी हा आकडा बघा. रेडीत न जाता १२.५ च्या आसपास असेल तर छान. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली असेल तर आजच चार्जर लावा. पुढची परीक्षा: ऑनमध्ये हेडलाइट आणि पंखा लावून मिनिटभर थांबा. आकडा ११.५ च्या खाली घसरत गेला तर बॅटरी म्हातारी झाली, असा माझा निकष आहे. मग रेडीत जा. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढला तर कन्व्हर्टर त्याचं काम करतोय. चढलाच नाही तर मात्र हा घरगुती प्रश्न उरत नाही, वर्कशॉप गाठा.

तिसऱ्या पिढीत हाच मेनू याच पद्धतीने मिळत नाही. तिथे १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर घ्या, किंवा घरातल्या मल्टिमीटरचं एक टोक लाल टोपीखालच्या टर्मिनलवर आणि दुसरं इंजिनच्या बोल्टवर टेकवा. सॉकेटमधला आकडा खऱ्यापेक्षा किंचित कमी दिसतो, तेवढी सूट धरा.

किल्लीतल्या सोयी

स्मार्ट किल्ली आणि गाडी एकमेकांशी सतत बोलत असतात. पुस्तिकेत एक बारीक अक्षरातली नोंद आहे जी मी सगळ्यांना वाचायला लावतो: किल्ली गाडीपासून साधारण २ मीटरच्या आत १० मिनिटांहून जास्त पडून राहिली, तर बॅटरी वाचवण्यासाठी गाडी ऐकणं कमी करते आणि दार उघडायला वेळ लावते. आणि १४ दिवस स्मार्ट किल्ली वापरलीच नाही, तर ड्रायव्हरचं सोडून इतर कोणतंही दार हात लावून उघडत नाही. सुट्टीवरून आल्यावर मागच्या दाराशी झटापट करून ‘गाडी डेड’ म्हणून फोन करणाऱ्यांपैकी काहींची गाडी अगदी ठणठणीत असते. आधी ड्रायव्हरच्या दाराचं हँडल धरून बघा.

गॅरेजच्या भिंतीवर, गाडीपासून हातभर अंतरावर किल्ली टांगायची सवय मात्र मोडा. घरात आत ठेवा.

दुसऱ्या पिढीत स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला एक छोटं बटण आहे, वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही. ते दाबलं की स्मार्ट किल्लीची व्यवस्था पूर्ण बंद होते. मग दार रिमोटच्या बटणाने उघडायचं आणि सुरू करताना किल्ली डॅशबोर्डच्या खाचेत घालायची. लांब सुट्टीवर जाताना ते बंद करून जावं. गाडी सतत किल्ली शोधत बसत नाही, तेवढी बचत होते.

टोयोटाच्या बऱ्याच नव्या किल्ल्यांत आणखी एक सोय आहे: लॉकचं बटण दाबून धरायचं आणि अनलॉक दोनदा दाबायचं. किल्लीवरचा दिवा चार वेळा लुकलुकला की किल्ली झोपी गेली. यात किल्लीतली बटणासारखी बॅटरी वाचते, गाडीतली नाही. या दोन गोष्टींची गल्लत बरेच जण करतात. पण फायदा आणखी एक आहे. घरातल्या किल्लीचा सिग्नल बाहेरून वाढवून गाडी पळवणारे चोर असतात. झोपलेली किल्ली त्यांना दाद देत नाही. कोणतंही बटण दाबलं की ती जागी होते.

किल्लीतलीच बॅटरी संपली असेल तर ती सहज मिळते, तिसऱ्या पिढीच्या किल्लीला सीआर १६३२ लागते. तोपर्यंत अडायचं कारण नाही. धातूच्या किल्लीने दार उघडा, ब्रेक दाबा, आणि किल्लीची लोगोची बाजू पॉवर बटणाला टेकवा. बीप वाजला की लगेच बटण दाबा. गाडी सुरू होते.

मागून लावलेल्या वस्तू

गाडीत नंतर बसवलेली वस्तू हा बॅटरी उतरण्यामागचा माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त सापडलेला गुन्हेगार. आमच्या ओळखीच्या एका काकूंची गाडी दर आठवड्याला डेड व्हायची. एका दुकानाने त्यांना नवी बॅटरी विकली, काही दिवसांनी पुन्हा तेच. बॉनेट उघडून मीटर लावला तर गाडी बंद, दारं बंद, तरी करंट जातच होता. फ्यूज एकेक काढत गेलो. एक फ्यूज काढल्यावर आकडा धपकन खाली आला. त्याच फ्यूजमधून डॅशकॅमची तार काढलेली होती. कॅमेरा पार्किंगमध्येही रेकॉर्डिंग करत होता आणि व्होल्टेज कमी झाल्यावर त्याला बंद करणारं साधन बसवलेलंच नव्हतं.

अशा कॅमेऱ्याचा करंट २५० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला ६ अँपिअर-तास. ४५ ची बॅटरी साडेसात दिवसांत रिकामी. डॅशकॅम हवाच असेल, आणि अमेरिकेत तो असावाच असं माझं मत आहे, तर तार गाडी बंद झाल्यावर बंद होणाऱ्या फ्यूजमधून घ्या. पार्किंग रेकॉर्डिंग हवं असेल तर व्होल्टेज घसरल्यावर वीज तोडणारा कट-ऑफ बसवा आणि तो सगळ्यात जास्त व्होल्टेजच्या पायरीवर ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे कॅमेऱ्यासाठी वेगळा बॅटरी पॅक. ओबीडी पोर्टमध्ये (गाडीची तपासणी करायच्या सॉकेटमध्ये) खोचलेला विमा कंपनीचा ट्रॅकर किंवा ब्ल्यूटूथचा ठोकळाही असाच बारीक करंट खात राहतो. सुट्टीवर जाताना तो उपटून ठेवा.

तिसऱ्या पिढीत छतावर सोलर पॅनेलचा पर्याय होता. ते असलेल्या मंडळींना वाटतं, उन्हात उभी आहे म्हणजे बॅटरी भरत असेल. तसं नाही. ते पॅनेल उभ्या गाडीतली गरम हवा बाहेर काढणारा पंखा चालवतं, आणि तोही स्विच लावून ठेवला तरच. बॅटरीशी त्याचा संबंध नाही.

महिन्याच्या सुट्टीआधी

घरी गॅरेज आणि प्लग असेल तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे फ्लोट चार्जर, म्हणजे बॅटरी भरली की स्वतःहून थांबणारा आणि पुन्हा लागेल तेवढंच देणारा. त्याच्याबरोबर गोल कडी असलेली वायर येते, ती टर्मिनलला कायमची जोडून ठेवली की दर वेळी चिमटे लावावे लागत नाहीत.

प्लग नसेल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. दहा नंबरचा पाना पुरतो. फक्त तेव्हा डिकी बंद केल्यावर ती विजेवर उघडणार नाही हे आधीच लक्षात घ्या: परत आल्यावर धातूची किल्ली आणि मग आतला लिव्हर, किंवा बॉनेटखालून जंप पॅक. जोडल्यावर रेडिओची स्टेशनं पुन्हा लावावी लागतात आणि एका झटक्यात वर-खाली होणारी काच पुन्हा शिकवावी लागते.

तिसरा मार्ग माणसाचा. मागे कुणी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा गाडी तासभर रेडीत ठेवायला सांगा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये टोयोटाने ब्रिटनमधल्या हायब्रीड मालकांना साधारण हाच सल्ला दिला होता. मात्र हे उघड्यावरच करा. रेडीत इंजिन केव्हाही स्वतःहून सुरू होतं. बंद गॅरेजमध्ये त्याचा धूर साचला तर कार्बन मोनॉक्साइडने जिवावर बेतू शकतं. गिअर पार्कमध्येच हवा. न्यूट्रलमध्ये इंजिन मोठ्या बॅटरीला चार्ज करत नाही, त्यामुळे न्यूट्रलमध्ये ठेवलेल्या गाडीची मोठी बॅटरी रिकामी होत जाते.

पुण्या-मुंबईत आता हायक्रॉस, हायरायडर, ग्रँड व्हिटारा, होंडा सिटी हायब्रीड अशा गाड्या बऱ्याच दिसतात आणि त्यांतल्या काही सोसायटीच्या बेसमेंटमध्ये दोन-दोन आठवडे हलत नाहीत, विशेषतः मुलं परदेशात आणि गाडी आईवडिलांकडे असेल तर. तत्त्व तेच: रेडीत चार्ज होते, ऑनमध्ये खर्च होते, उभी राहिली की उतरते. छोटी बॅटरी आणि जंपची जागा मात्र गाडीगणिक बदलते. चौथ्या पिढीच्या प्रियसमध्येच ती डिकीतून बॉनेटखाली आली. तेव्हा पुस्तिकेतलं ते एक पान फोनमध्ये फोटो काढून ठेवा आणि आईबाबांच्या फोनवरही पाठवा. आणि बेसमेंटमध्ये तासभर रेडीत ठेवण्यापेक्षा त्यांना बाणेरहून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत एक चक्कर मारायला सांगा.

नवी बॅटरी घेताना

चार्जर लावूनही सकाळचा आकडा १२.२ च्या वर टिकत नसेल तर बॅटरी बदला, ओढाताण करू नका. डिकीत बसणारी बॅटरी एजीएम असावी लागते आणि तिला गॅस बाहेर नेणारी बारीक नळी जोडायची जागा असावी लागते, कारण ती प्रवाशांच्याच हवेत बसलेली आहे. बाहेरच्या दुकानात ‘मापात बसते’ म्हणून साधी बॅटरी गळ्यात मारतात, ती घेऊ नका. टर्मिनलची जाडीही नेहमीच्या अमेरिकन बॅटरीपेक्षा कमी असते, त्यामुळे चुकीची आणली तर क्लॅम्प बसत नाही आणि लोक तो ठोकून बसवतात. जुनी काढताना नळी कुठून कुठे जाते याचा फोटो घ्या. नवी बसवल्यावर नळी हलक्या हाताने ओढून पाहा, निघाली नाही पाहिजे. बॅटरीच्या अंगावर मार्करने तारीख लिहा आणि दुसऱ्या सकाळी मीटरवर जो आकडा येईल तो तिच्याच शेजारी.